आई-बाप तेच, जागा बदलली की पिल्लं वांझ! चिलटांच्या या कोड्याचं उत्तर कसं सापडलं?

केळी जरा जास्त पिकली की त्यांच्याभोवती बारीक, लालसर डोळ्यांची चिलटं घोंघावू लागतात. आपण हाताने हाकलतो, केळी झाकून ठेवतो आणि विसरून जातो. पण याच चिलटाने गेल्या शंभर वर्षांत विज्ञानाला जितकं शिकवलं, तितकं फार कमी प्राण्यांनी शिकवलं असेल.

याचं शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर. इंग्रजीत याला फळमाशी म्हणतात. पण आंबा-पेरूत अळ्या पाडून बागायतदारांचं नुकसान करणारी फळमाशी ती ही नव्हे. ती वेगळी आणि मोठी. आपलं चिलट जेमतेम तीन मिलिमीटरचं. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला साधारण दहा दिवस, त्यामुळे एका वर्षात तिशीहून जास्त पिढ्या पाहता येतात. म्हणूनच प्रयोगशाळांना ते आवडतं.

१९७० च्या दशकात या चिलटांनी शास्त्रज्ञांना एक कोडं घातलं. ते पूर्ण सुटायला तीस वर्षं लागली. आणि सुटलं तेव्हा कळलं की प्रत्येक पेशीत जनुकं 'चालू' करणाऱ्या यंत्रणेइतकीच 'गप्प' बसवणारी यंत्रणाही महत्त्वाची असते. ती बंद पडली तर वंशच संपतो.

कोडं नेमकं काय होतं?

प्रयोगशाळेत अनेक दशकं वाढवलेल्या माश्या एका बाजूला. बाहेर बागेतून नुकत्याच पकडून आणलेल्या माश्या दुसऱ्या बाजूला. जात एकच. दोघांचा संकर केला तर पिल्लं व्हायला हवीत आणि ती झालीही.

पण एक विचित्र गोष्ट दिसली. नर बाहेरचा आणि मादी प्रयोगशाळेतली असेल, तर पिल्लं दिसायला धडधाकट, पण बरीचशी वांझ. त्यांची अंडाशयं आणि वृषणं नीट वाढलेलीच नसायची. उबदार वातावरणात वाढवलं तर हा परिणाम आणखी तीव्र व्हायचा.

आता जोडी उलटी करा. मादी बाहेरची, नर प्रयोगशाळेतला. पिल्लं एकदम ठणठणीत, त्यांना पुढे पिल्लंही होतात!

इथे जरा थांबून विचार करा. दोन्ही संकरांतल्या मुलींना निम्मी गुणसूत्रं बाहेरच्या माशीकडून आणि निम्मी प्रयोगशाळेतल्या माशीकडून मिळाली आहेत. म्हणजे गुणसूत्रांचा हिशेब दोन्हीकडे सारखाच. मग एक मुलगी वांझ आणि दुसरी नाही, असं कसं? आईकडून असं काय मिळत होतं, जे बापाकडून मिळत नव्हतं?

मार्गारेट किडवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये या प्रकाराचं सविस्तर वर्णन केलं. उत्तराचा पहिला अर्धा भाग पुढच्या पाच-सहा वर्षांत सापडला. त्यासाठी आधी डीएनएमधल्या काही उडाणटप्पूंची ओळख करून घ्यावी लागेल.

डीएनएमधले उडाणटप्पू

शाळेत आपण शिकलो की जनुकं गुणसूत्रांवर माळेतल्या मण्यांसारखी ओळीने बसलेली असतात. बरोबर आहे, पण सगळेच मणी जागेवर बसत नाहीत. डीएनएचे काही तुकडे एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाऊन बसतात. काही तर स्वतःची प्रत काढून ती दुसरीकडे घुसवतात आणि मूळ जागीही राहतात. यांना ट्रान्सपोझॉन म्हणतात.

अमेरिकेतल्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात मक्याच्या दाण्यांवरचे रंगीत ठिपके अभ्यासताना हे ओळखलं. त्या काळी बऱ्याच जणांना ते पटलं नाही. १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या.

हे तुकडे थोडेथोडके नाहीत. माणसाच्या डीएनएचा जवळपास निम्मा भाग ट्रान्सपोझॉन आणि त्यांच्या अवशेषांनी बनलेला आहे. आपल्यातले बहुतेक तुकडे आता निकामी आहेत. चिलटामध्ये हे प्रमाण साधारण पाचवा हिस्सा आहे, पण तिथले बरेचसे तुकडे अजून जिवंत आहेत, उड्या मारू शकतात.

आणि उडी मारली की काय होतं? तुकडा एखाद्या चालत्या जनुकाच्या मधोमध पडला तर ते जनुक बिघडतं. १९१० मध्ये थॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. त्यावरूनच जनुकं गुणसूत्रांवर असतात याचा भक्कम पुरावा मिळाला आणि पुढे मॉर्गन यांना नोबेल. ते डोळे पांढरे का झाले होते? 'डॉक' नावाचा एक ट्रान्सपोझॉन डोळ्यांच्या रंगाच्या जनुकापाशी जाऊन बसला होता, म्हणून!

एका पेशीत एक उडी पडली तर फारसं बिघडत नाही. पण ज्या पेशींपासून अंडी आणि शुक्राणू बनतात, तिथे शेकडो उड्या सुरू झाल्या तर डीएनए जागोजागी तुटतो, पेशी मरतात आणि पुढची पिढी येतच नाही.

आपल्या वांझ माश्यांमध्ये हेच घडत होतं. दोषी ट्रान्सपोझॉनचं नाव 'पी-घटक'. लांबी अवघी २,९०७ अक्षरांची. बाहेरच्या माश्यांमध्ये तो होता, प्रयोगशाळेतल्या जुन्या माश्यांमध्ये नव्हता. तो उड्या मारतो फक्त जननपेशींमध्ये. म्हणूनच पिल्लं वरून धडधाकट दिसायची आणि आतून वांझ असायची.

हा पाहुणा आला कुठून?

प्रयोगशाळेतल्या माश्यांमध्ये पी-घटक का नव्हता? कारण त्यांचे पूर्वज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पकडलेले होते आणि तेव्हा या जातीत पी-घटक पसरलेलाच नव्हता. माश्या बाटल्यांमध्ये सुरक्षित राहिल्या आणि बाहेर जगभरच्या त्यांच्या भाऊबंदांमध्ये काही दशकांतच हा पाहुणा घुसला.

तो आला ड्रॉसोफिला विलिस्टोनी नावाच्या अमेरिका खंडातल्या दुसऱ्याच जातीकडून. त्या जातीतल्या पी-घटकाची आपल्या चिलटातल्या पी-घटकाशी तुलना केली तर फक्त एका अक्षराचा फरक सापडला. या दोन जातींचा संकर होत नाही. मग तुकडा पोहोचला कसा? दोन्ही माश्यांच्या अंड्यांमध्ये सोंड खुपसणाऱ्या एका सूक्ष्म कोळीवर्गीय किड्यावर संशय आहे.

पण कोड्याचा दुसरा अर्धा भाग तसाच होता. पी-घटक बाहेरच्या माश्यांच्या डीएनएत असूनही त्या स्वतः मजेत होत्या. त्यांच्यात तो गप्प कसा बसला होता? आणि ही गप्प बसवण्याची ताकद फक्त आईकडूनच का यायची?

आधी 'प्रत काढणं' म्हणजे काय ते पाहू

डीएनए म्हणजे संदर्भग्रंथालय समजा. तिथलं पुस्तक घरी नेता येत नाही, हवं त्या पानाची झेरॉक्स काढून न्यायची. पेशीच्या केंद्रकात आरएनए पॉलिमरेझ नावाचं यंत्र हे काम करतं. ते डीएनएवरून सरकत जातं आणि आरएनएची पट्टी तयार होत जाते. पाठ्यपुस्तकात याला प्रतिलेखन म्हणतात. या पट्टीवरून पुढे प्रथिनं बनतात.

ट्रान्सपोझॉनलाही उडी मारायची तर आधी आपली झेरॉक्स काढून घ्यावी लागते. काहींची उडी मारणारी अवजारं त्या पट्टीवरून बनतात, तर काहींच्या बाबतीत ती पट्टीच पुन्हा डीएनए बनून दुसरीकडे घुसते. म्हणजे त्याला थांबवायची सगळ्यात चांगली जागा कोणती? झेरॉक्सच निघू द्यायची नाही.

पण झेरॉक्सवाल्याला कसं कळणार की हे पान कामाचं आणि ते पान उपद्रवी? दोन्हीकडे अक्षरं तीच चार. इथे पहारेकरी येतो.

'मरतुकडं वृषण' नावाचं प्रथिन

१९९० च्या दशकात हाइफान लिन आणि ॲलन स्प्रॅडलिंग माशीच्या अंडाशयातल्या मूळपेशींचा अभ्यास करत होते. एक जनुक बिघडलं की या मूळपेशी टिकत नाहीत आणि माशी वांझ होते, असं त्यांच्या लक्षात आलं. या जनुकाला नाव मिळालं 'पीवी'. मूळ इंग्रजी शब्दांचा अर्थ 'पी-घटकामुळे झालेलं मरतुकडं वृषण' असा काहीसा होतो.

योगायोग बघा. हे जनुक बिघडवून दाखवण्यासाठी शास्त्रज्ञांनी अवजार म्हणून पी-घटकच वापरला होता. तेव्हा कुणाला कल्पना नव्हती की ज्याने हे जनुक बिघडवलं, त्याच्याच जातभाईंना आवरणं हे या जनुकाचं मुख्य काम आहे. चोराने आत शिरून नेमका पहारेकऱ्यालाच आडवा केला होता.

माशीत या कुटुंबातली तीन प्रथिनं आहेत. पीवी, ऑबर्जिन आणि आर्गोनॉट-३. माश्यांवर काम करणाऱ्यांची नावं ठेवण्याची हौस प्रसिद्ध आहे. ऑबर्जिन म्हणजे वांगं! याच यंत्रणेत झुकिनी नावाचं प्रथिनही आहे. आणि सिंगापूरमधल्या एका प्रयोगशाळेने अभ्यासलेल्या दोन प्रथिनांची नावं तर आपल्याला ओळखीची वाटतील. 'तेजस' आणि 'तपस'.

पीवीचं वैशिष्ट्य असं की त्याला एकट्याला काहीच ओळखता येत नाही. त्याच्या हातात एक चिठ्ठी लागते. ही चिठ्ठी म्हणजे आरएनएचा छोटासा तुकडा, साधारण २३ ते २९ अक्षरांचा. याला 'पाय-आरएनए' म्हणतात. पीवीशी जोडलेला आरएनए म्हणून हे नाव. हातात चिठ्ठी नसेल तर पीवीला केंद्रकात प्रवेशही मिळत नाही.

पंचवीस अक्षरं कमी वाटतात का? आपला मोबाइल नंबर फक्त दहा आकड्यांचा असतो आणि तेवढ्यावर देशातला एक माणूस नेमका सापडतो. माशीचा डीएनए साधारण १८ कोटी अक्षरांचा आहे. त्यात एखादा तुकडा ओळखायला वीस-पंचवीस अक्षरं भरपूर झाली.

पीवी जनुकाला गप्प कसं करतो?

आता मुख्य मुद्दा. क्रमाने पाहू.

पहिली पायरी. ट्रान्सपोझॉनची झेरॉक्स निघायला सुरुवात होते. आरएनएची पट्टी यंत्रातून बाहेर पडत असते, अजून डीएनएपासून सुटलेली नसते.

दुसरी पायरी. चिठ्ठी घेऊन फिरणारा पीवी या पट्टीपाशी येतो. चिठ्ठीवरची अक्षरं पट्टीवरच्या अक्षरांशी जोडीने जुळली की पीवी तिथेच थांबतो.

तिसरी पायरी. पीवी मदतनीस बोलावतो. त्यांतल्या एकाचं नाव पॅनोरामिक्स, तर दुसऱ्याचं ॲस्टेरिक्स. फ्रेंच चित्रकथांच्या चाहत्यांना ही नावं लगेच कळतील. २०१५ मध्ये दोन गटांनी दाखवलं की पॅनोरामिक्सला कृत्रिमरीत्या एखाद्या पट्टीला बांधून ठेवलं, तर पीवीशिवायही ते जनुक गप्प होतं. म्हणजे पीवी जागा दाखवतो, पुढचं काम हे मदतनीस करवून घेतात.

चौथी पायरी. डीएनए पेशीत मोकळा पडलेला नसतो. दोरा रिळाला गुंडाळावा तसा तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. मदतनिसांच्या सांगण्यावरून एगलेस नावाचं प्रथिन या रिळांवर ठरावीक जागी एक छोटी रासायनिक खूण करतं. मेथिल गटाची खूण. हे प्रथिन नसलेल्या माश्या अंडी घालत नाहीत, म्हणून नाव एगलेस, 'अंड्यांविना'.

पाचवी पायरी. ही खूण ओळखणारी आणखी प्रथिनं येऊन चिकटतात आणि डीएनएचा तो भाग घट्ट आवळला जातो. झेरॉक्सचं यंत्र तिथे सहजासहजी पोहोचत नाही. पुस्तक जागेवरच आहे, एक अक्षरही खोडलेलं नाही, पण कपाटाला कुलूप लागलं आहे.

हे खरंच असं घडतं, हे कसं कळलं? २०१२ आणि २०१३ च्या सुमारास व्हिएन्ना, कॅलिफोर्निया आणि इतर ठिकाणच्या गटांनी माशीच्या अंडाशयातल्या पेशींमधून पीवी काढून टाकला आणि काय होतं ते मोजलं. ट्रान्सपोझॉनवरच्या मेथिलच्या खुणा कमी झाल्या, तिथे पॉलिमरेझची गर्दी वाढली आणि ट्रान्सपोझॉनच्या प्रती कित्येक पटींनी वाढल्या.

आणखी एक धडा मिळाला. पीवीच्या कुटुंबातली बरीच प्रथिनं आरएनए कापू शकतात. पीवीची कापण्याची क्षमता मुद्दाम निकामी केली तरी त्याचं काम चालूच राहिलं. म्हणजे केंद्रकात तो कात्री म्हणून वावरत नाही, बोट दाखवणारा म्हणून वावरतो.

या कुलपाचा एक दुष्परिणामही आहे. मेथिलच्या खुणा ट्रान्सपोझॉनच्या हद्दीतच थांबतात असं नाही. त्या शेजारच्या हजारो अक्षरांवर पसरू शकतात. बाजूला एखादं साधं, कामाचं जनुक असेल तर त्याचीही झेरॉक्स कमी होऊ शकते. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं.

गप्प बसवायचं तर आधी बोलू द्यावं लागतं

वरच्या पायऱ्यांमध्ये एक गंमत लपली आहे. पीवी डीएनए वाचत नाही, तो बाहेर पडणारी पट्टी वाचतो. म्हणजे ट्रान्सपोझॉनने तोंड उघडल्याशिवाय तो सापडतच नाही! शंभर टक्के शांतता असेल तर पहारेकरी आंधळा होईल. म्हणून या पेशींमध्ये थोडीशी कुजबुज कायम चालू असते आणि त्या कुजबुजीवरच शांतता टिकून राहते.

दुसरा प्रश्न आणखी मोठा. या चिठ्ठ्या लिहितं कोण?

१९९० च्या दशकापासून फ्रेंच संशोधकांना माशीच्या एक्स गुणसूत्रावरची एक जागा माहीत होती. नाव 'फ्लॅमेंको'. ती बिघडली की 'जिप्सी' नावाचा ट्रान्सपोझॉन मोकाट सुटायचा. साहजिकच सगळ्यांना वाटलं की तिथे एखादं खास प्रथिन बनवणारं जनुक असेल. पण तसं काही सापडेना. तिथे होता नुसता भंगाराचा ढीग. सुमारे १ लाख ८० हजार अक्षरांच्या पट्ट्यात जुन्या, मोडक्या ट्रान्सपोझॉनचे तुकडेच तुकडे.

२००७ मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे ज्युलियस ब्रेनेके, ग्रेगरी हॅनन आणि सहकाऱ्यांनी माशीतल्या हजारो पाय-आरएनएंची अक्षरं वाचली आणि ती डीएनएवर कुठून आली ते शोधलं. उत्तर होतं, बरीचशी अशाच भंगाराच्या ढिगांमधून. त्यांना असे १४२ ढीग सापडले, फ्लॅमेंको त्यांतलाच एक.

म्हणजे तो ढीग भंगार नव्हताच. ते पोलीस ठाण्यातलं गुन्हेगारांचं रजिस्टर होतं. एखादा ट्रान्सपोझॉन उड्या मारता मारता कधीतरी या ढिगात पडतो आणि अडकतो. तेव्हापासून त्याची अक्षरं नोंदवहीत चढतात. त्या भागाची लांबलचक आरएनए पट्टी निघते, झुकिनीसारखी प्रथिनं तिचे तुकडे करतात आणि ते तुकडे चिठ्ठ्या बनून पीवीच्या हातात जातात. चोर आपल्याच पावलांनी जाळ्यात येतो.

क्रिस्परबद्दल तुम्ही वाचलं असेल. जिवाणू हल्ला करणाऱ्या विषाणूचा तुकडा आपल्या डीएनएत साठवतात आणि पुढच्या हल्ल्यात त्यावरून शत्रू ओळखतात. माशीची पद्धत वेगळ्या वाटेने आली आहे, पण कल्पना बरीच सारखी.

यातही एक पेच होताच. जननपेशींमधल्या यातल्या कित्येक ढिगांवर तीच 'कुलूप' असल्याची मेथिलची खूण असते. मग तिथली झेरॉक्स निघते कशी? त्यासाठी माशीकडे राइनो नावाचं खास प्रथिन आहे. ते ही खूण ओळखून तिथे बसतं आणि झेरॉक्सच्या यंत्राला मागच्या दाराने आत घेतं. जी खूण इतरत्र 'बंद' म्हणते, तीच इथे 'चिठ्ठ्या बनवा' म्हणते.

केंद्रकाबाहेर ऑबर्जिन आणि आर्गोनॉट-३ यांचा वेगळा खेळ चालतो. ऑबर्जिन ट्रान्सपोझॉनची पट्टी कापतो. त्या तुकड्यापासून आर्गोनॉट-३ साठी चिठ्ठी बनते. तो नोंदवहीतून निघालेली पट्टी कापतो आणि ऑबर्जिनला नवी चिठ्ठी मिळते. शास्त्रज्ञ याला पिंगपाँग म्हणतात. जो ट्रान्सपोझॉन जास्त आवाज करतो, त्याच्याविरुद्धच्या चिठ्ठ्या आपोआप वाढत जातात.

मग आईकडून मिळत होतं तरी काय?

आता मूळ कोड्याकडे येऊ. उत्तर कदाचित तुम्हाला सुचलंही असेल.

आई अंडं तयार करते तेव्हा त्यात फक्त गुणसूत्रं भरत नाही. पिल्लाच्या पहिल्या काही तासांची सगळी शिदोरी बांधून देते. त्या शिदोरीत पीवी कुटुंबातली प्रथिनं आणि तयार चिठ्ठ्याही असतात. शुक्राणू मात्र जवळपास फक्त गुणसूत्रं घेऊन येतो, त्याच्याकडे शिदोरीला जागाच नाही.

बाहेरची मादी आई असेल, तर पिल्लाच्या डीएनएत पी-घटक येतो आणि सोबत त्याला ओळखणाऱ्या चिठ्ठ्याही येतात. पहारा पहिल्या दिवसापासून तयार. पण बाप बाहेरचा आणि आई प्रयोगशाळेतली असेल, तर पी-घटक येतो आणि चिठ्ठ्या येत नाहीत. आईने तो शत्रू कधी पाहिलेलाच नसतो. पिल्लाच्या जननपेशींत पी-घटक मोकाट सुटतो. २००८ मध्ये ब्रेनेके आणि सहकाऱ्यांनी आईकडून अंड्यात आलेल्या या चिठ्ठ्या मोजून हे दाखवून दिलं.

गोष्ट इथेच संपत नाही. २०११ मध्ये एका गटाने या बिचाऱ्या वांझ मुलींकडे पुन्हा लक्ष दिलं. तरुणपणी त्या वांझ होत्या, पण ज्या जगल्या त्यांच्यातल्या काहींना वय वाढल्यावर अंडी होऊ लागली! पी-घटकाविरुद्धच्या चिठ्ठ्या त्या स्वतः बनवायला शिकल्या होत्या. शिवाय ट्रान्सपोझॉनच्या या धुमाकुळात काही तुकडे नोंदवहीच्या ढिगांत जाऊन पडले होते आणि हा बदल पुढच्या पिढीतही उतरत होता. एका माशीच्या आयुष्यात नोंदवहीत नवी नोंद होताना पाहायला मिळाली.

याचा आपल्याशी काय संबंध?

पहिला संबंध थेट आहे. माणसातही पीवी कुटुंबातली चार प्रथिनं आहेत आणि ती प्रामुख्याने वृषण आणि अंडाशयात काम करतात. उंदरांमध्ये या कुटुंबातली प्रथिनं बंद केली तर नर वांझ होतात. २०२१ मध्ये शुक्राणू न बनणाऱ्या काही पुरुषांमध्ये पाय-आरएनए तयार करायला लागणाऱ्या एका जनुकात बिघाड सापडला. 'कारण कळत नाही' असं ज्यांना सांगितलं जातं, त्यातल्या थोड्यांना तरी यातून कारण कळू शकेल. आणि मूल न होण्याचा दोष आधी बाईवर टाकण्याच्या आपल्या सवयीला हे आणखी एक उत्तर आहे.

दुसरा संबंध डासांचा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात पीवी कुटुंब माशीपेक्षा मोठं आहे. या डासाच्या डीएनएत जुन्या विषाणूंचे तुकडे अडकलेले आहेत आणि त्यांपासूनही पाय-आरएनए बनतात. डास विषाणू घेऊन फिरतो, पण स्वतः आजारी पडत नाही. यामागे ही यंत्रणा किती आहे, यावर सध्या काम चालू आहे.

तिसरा संबंध ऑस्ट्रेलियातल्या कोआलांचा. त्यांच्या डीएनएत सध्या एक विषाणू नव्याने घुसतो आहे. २०१९ मध्ये त्यांच्या वृषणांतही त्याच्याविरुद्धचे पाय-आरएनए सापडले. माश्यांमध्ये जे घडलं त्याची सुरुवात एका सस्तन प्राण्यात पाहायला मिळते आहे.

आणि फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

'आईच्या अनुभवाची स्मृती पिल्लात उतरते, विज्ञानाने सिद्ध केलं' अशा मथळ्याखाली असं संशोधन फिरवणं सोपं आहे. पुढच्याच ओळीत आईच्या विचारांचा, ती काय ऐकते त्याचा गर्भावर संस्कार होतो, असा दावा जोडला जातो.

या संशोधनातून तसं काहीही निघत नाही. माशीच्या आईकडून उतरते ती आरएनएची २३ ते २९ अक्षरी चिठ्ठी. तिच्यावर लिहिलेलं असतं फक्त ट्रान्सपोझॉनच्या अक्षरांबद्दल. तिथे विचार नाहीत, भावना नाहीत, सवयी नाहीत. 'डीएनएशिवायही काही वारसा उतरतो' हे वाक्य खरं आहे. 'म्हणून काहीही उतरतं' हे खरं नाही.

या गोष्टीतून खरोखर काय कळलं, ते सांगायला दोन ओळी पुरतात. एकाच डीएनएचं नशीब त्यातलं काय वाचलं जातं आणि काय वाचू दिलं जात नाही, यावर ठरतं. आणि ते ठरवणारी यंत्रणा जुन्या शत्रूंचे मोडके तुकडे जपून ठेवते, कारण नवा हल्ला ओळखायला तेच उपयोगी पडतात.

ज्याला अनेक वर्षं 'निरुपयोगी डीएनए' म्हणून बाजूला टाकलं होतं, त्या भंगारातच माशीच्या वंशाची राखण लिहिलेली होती.